नत्थुजींच्या डोक्यावरचे पिवळे हेल्मेट

मित्रांनो, मी एक निवृत्त हेल्मेट आहे. अकोल्याच्या उन्हाने माझा पिवळा रंग वरणासारखा झाला आहे. कारखान्यात मला साच्यातून काढले आणि आत पट्ट्यांची जाळी बसवली. मार मी झेलायचा, जाळीने जिरवायचा, एवढेच माझे शिक्षण.

जठारपेठेतल्या एका बांधकामावर मी नत्थुजी मिस्त्रींच्या वाट्याला आले. साहेब आले की मी डोक्यावर, साहेब गेले की रेतीवर. एकदा माझ्यात भजीही वाढली गेली. मान होता, काम नव्हते.

मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून नत्थुजी दुपट्ट्यात कांदा ठेवत. दुपट्टा, कांदा आणि मी, तिघे एका डोक्यावर मावेनात. नत्थुजींनी माझी जाळी उपटून पिशवीत टाकली. मी नुसते वाडगे झाले.

हे ध्यानात आले विटा वाहणाऱ्या इंदूबाईंच्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्यात डोकावले.

"भाऊ, याच्या आतलं कुठं गेलं?"

"पिशवीत हाय. कांद्याले जागा पायजे ना."

"पडलात म्हणजे कांद्याची चटणी होईन. अन् कांद्याखालच्याचीबी."

"मी कायले पडतो?"

"पडणारा सांगून पडते काय? आना इकडे."

त्यांनी जाळी बसवली, मला नत्थुजींच्या डोक्यावर चढवले, हनुवटीखाली पट्टा आवळायला लावला. दुपट्टा माझ्यावरून बांधला. कांदा खिशात गेला.

"नवरदेव दिसून राहिले," कोणीतरी म्हणाले. नत्थुजी चिडले, पण ऊन कमी लागले, म्हणून पट्टा सोडला नाही.

त्याच आठवड्यात परांचीची फळी सरकली. नत्थुजी विटांच्या ढिगावर कोसळले. आधी मी आपटले, मग ते. मला तडा गेला, त्यांचा हात मोडला. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, तो साफ निघाला. इंदूबाईंनी पदराने डोळे पुसले.

मुकादम मला पाहून म्हणाला, "पुसून ठेवा, नव्या गड्याले होईन."

नत्थुजींनी मला त्याच्या हातून काढून घेतले. धड राहिलेल्या हाताने खिळा तापवला, माझ्या डोक्याला भोके पाडली आणि मला घरी नेले. आता माझ्यात सदाफुली आहे.

मित्रांनो, हेल्मेट मोठा मार एकदाच झेलते. तडकलेले कोणाला देऊ नका, आणि धड असलेल्याची जाळी काढू नका. माझी तक्रार नाही. कित्येक हेल्मेटांचा जन्म रेतीवरच जातो. मला इंदूबाई भेटल्या.

सकाळी नत्थुजी पाणी घालायला वाकतात, तेव्हा त्यांचे टक्कल मला अगदी जवळून दिसते. त्यावर एक ओरखडाही नाही. मी ते रोज पाहते.