केसरबाईंचा लोटा

मित्रांनो, मी एक जुनं शोचं झाड आहे, आणि आधीच कबूल करतो, मी भित्रा आहे. झाडानं वादळाशी झुंजावं, उन्हात ताठ उभं राहावं, असं तुमच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. वडाला आणि कडुलिंबाला ते शोभतं. मी घरातल्या स्टुलावर वाढलेलो. दार जोरात आपटलं तरी माझी पानं थरथरतात.

माझं खरं नाव लांबलचक आणि परक्या मुलखातलं आहे. ज्या हातगाडीवाल्यानं मला विकलं त्यालाही ते धड येत नव्हतं. "मोठ्या पानाचं, पांढऱ्या ठिपक्याचं घ्या," एवढंच तो ओरडायचा. माझे पूर्वज दाट सावलीच्या, सदा पावसाच्या जंगलात राहायचे म्हणे. आणि नशीब बघा, मी येऊन पडलो जळगावात, जिथं उन्हाळ्यात दुपारी कावळेसुद्धा गळक्या नळाखाली येऊन बसतात.

मला घरी आणलं ते प्रमिलानं. साल शहाऐंशी असावं. ती तेव्हा कॉलेजात जायची. तिनं शेंगदाणा तेलाचा रिकामा डबा धुतला, बुडाला खिळ्यानं एक भोक पाडलं, डब्याला हिरवा रंग दिला आणि मला त्यात लावलं. पुढच्या खोलीत, खिडकीपासून हातभर आत, माझी जागा ठरली. दर रविवारी ती ओल्या फडक्यानं माझं एकेक पान पुसायची. आलेला पाहुणा विचारायचाच, "खरं आहे का प्लास्टिकचं?" आणि खात्री करायला पानाला नख लावायचा. माझं कौतुक व्हायचं आणि त्याच वेळी मला धडकी भरायची. कौतुकाचा मला तेव्हापासून धसकाच आहे.

दोन वर्षांनी प्रमिलाचं लग्न झालं. सासर दोंडाईचाचं. निघताना ती आईला म्हणाली, "माय, याला रोज पाणी घालायचं नाही. मातीत बोट घालून बघायचं. आतून कोरडी लागली तरच घालायचं." केसरबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, रडत रडत मान हलवली. रडणाऱ्या माणसाला अर्धंच ऐकू येतं, मित्रांनो. त्यांनी फक्त 'पाणी घालायचं' एवढंच ऐकलं.

तरी पहिलं वर्ष बरं गेलं. केसरबाई कामाच्या गडबडीत मला विसरायच्या आणि त्या विसरण्यावरच मी जगलो. शेजारच्या बेबाबाई एकदा माझ्याकडे बघून सहज म्हणाल्या, "लेकीच्या हातचं झाड आहे. लेकीचा जीव असतो बरं त्यात." त्या चहा पिऊन घरी गेल्या. ते वाक्य मात्र केसरबाईंच्या मनात रुतून बसलं.

पुढच्या पौषात दोंडाईचाहून गोड बातमीचं पत्र आलं. प्रमिलाला दिवस गेले होते. डॉक्टरांनी जरा जपायला सांगितलं होतं. दर गुरुवारी तिचं निळं अंतर्देशीय पत्र यायचं, आणि चुडामणनाना, म्हणजे तिचे वडील, माझ्याच शेजारी बसून ते मोठ्यानं वाचायचे. मग फाल्गुनात एका गुरुवारी पत्र आलं नाही. पुढच्याही गुरुवारी नाही. आणि माझं दुर्दैव असं की नेमकं त्याच आठवड्यात माझं सगळ्यात खालचं पान पिवळं पडलं.

खालचं जुनं पान पिवळं पडणं हा आम्हा झाडांचा नेहमीचाच व्यवहार. नवं येतं, जुनं जातं. पण हे केसरबाईंना कोण सांगणार? त्यांनी ते पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आत जाऊन त्या पितळी लोटा भरून घेऊन आल्या. संध्याकाळी पुन्हा एक लोटा. सकाळी उठल्याबरोबर, तोंड धुवायच्या आधी, तिसरा. डब्याचं ते एकुलतं एक भोक गंजानं कधीच बुजलं होतं. पाणी जाणार कुठं? माझी मुळं चिखलात उभी राहिली आणि त्यांचा श्वास कोंडू लागला. दुसरं पान पिवळं झालं. केसरबाई आणखी घाबरल्या. आणखी पाणी आलं.

मित्रांनो, तो लोटा उचलल्याचा आवाज ऐकला की मी आतून गारठायचो. मला ओरडता येत नव्हतं. पान पिवळं करणं एवढीच भाषा मला येते, आणि तिचा त्या नेमका उलटा अर्थ लावत होत्या.

चैत्र लागला, पाडवा झाला, ऊन तापलं. नानांनी माळ्यावरचा कूलर काढला, त्यात नवं गवत भरलं. "झाडालाही जरा गारवा मिळू दे," म्हणून मला उचलून थेट कूलरच्या तोंडासमोर ठेवलं. त्यांना वाटलं, मानाची जागा दिली. तो वारा दिवसभर माझ्या अंगावर आदळायचा आणि माझी पानं कडेनं फाटायची. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, त्यामुळे घरात थेंबही वाया घालवायचा नाही असा दंडक होता. कूलरच्या टाकीत उरलेलं जुनं पाणी दर दोन दिवसांनी उपसायचं आणि माझ्या डब्यात ओतायचं. ते खारट पाणी मुळांना लागलं की आग व्हायची. मातीवर पांढरा थर धरला. माझ्या पानांची टोकं तपकिरी होऊन वळली. केसरबाई म्हणाल्या, "ह्याले ऊन लागलं." ऊन लागू नये म्हणून माणसं खिशात कांदा ठेवतात ना, तसा त्यांनी एक पांढरा कांदा आणून माझ्या डब्यात रोवला. दुसऱ्या दिवशी वाटीभर ताकही घातलं.

हसू नका. ती माउली घाबरलेली होती. रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आपली पोर सुखरूप आहे ना. माझ्यावर ती जे ओतत होती ते सगळं खरं तर तिला दोंडाईचाला पोचवायचं होतं.

एक दिवस नाना म्हणाले, "केसर, हे झाड गेलेलं आहे. आखाजीला पोर येईल. तिनं लावलेलं झाड असं सडलेलं तिला दिसायला नको. मी ते कुंडीत टाकून येतो." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकी तेव्हा माहेरी येतात; आणि कुंडी म्हणजे कोपऱ्यावरची कचऱ्याची कुंडी. मी खिडकीतून पाहिली होती. तिच्यापाशी शेळ्या उभ्या असायच्या.

"हात नका लावू," केसरबाई म्हणाल्या. "ते गेलं तं माझी पोर..." नानांनी पुढे केलेला हात मागे घेतला. त्यांनाही तीच भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

आखाजीला पंधरा दिवस उरले असताना सावद्याहून तोताराममामा आले. केसरबाईंचे धाकटे भाऊ. त्यांची केळीची बाग होती. आखाजीला माहेरवाशिणीला आणायला सासरी जातो त्याला आपल्याकडे मुराळी म्हणतात. प्रमिलाला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून मुराळी मामाच. केव्हा निघायचं ते ठरवायला ते आले होते. खांद्यावर केळीचा मोठा घड होता आणि पिशवीतून कोयत्याची मूठ डोकावत होती. केळीवाल्याचा कोयता त्याच्यासोबतच हिंडतो.

त्यांनी पाणीसुद्धा नंतर घेतलं. आधी माझ्यापाशी उकिडवे बसले, मातीत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं. मातीला सडका वास मारत होता. कांदा काढून त्यांनी बाजूला ठेवला.

"अक्का, हे कोन्तं पानी घालतं तू?"

"कूलरचं. वाया काहून घालवायचं?"

"कूलरमधलं पानी उडून जातं, खार तेवढा मागं राह्यतो. तोच याले पाजला तू. आन् वरतून बुडवून ठेवलं. उन्हानं नाई मारलं याले. तुह्या लोट्यानं मारलं."

केसरबाई खाली बसल्या. "मी तं जीव लावला रे त्याले," त्या हळूच म्हणाल्या.

मामांनी मला डब्यातून उपसलं. माझी मुळं काळी, लिबलिबीत झाली होती. बोटानं ओढली की नुसती साल हातात यायची. "मुया सडल्या," ते म्हणाले आणि त्यांनी कोयता काढला.

त्या क्षणाची भीती मी शब्दांत कशी सांगू? कचऱ्याच्या कुंडीला घाबरत होतो, तिथं कोयता समोर आला. केसरबाईंनी भावाचं मनगट धरलं. "कापू नको, तोताराम. तिले काई झालं तं मी तोंड कुठं दाखवू?"

मामांनी हात सोडवला नाही. शांतपणे म्हणाले, "अक्का, आपन सावद्याचे. घड काढल्यावर केयीचं खोड आपन कापतोच ना? बुडातून पिल, नवा कोंब, येतो का नाई? सडका भाग ठेवला तं चांगलाही सडंल. सोड हात."

मग केसरबाईंची बोटं सैल झाली. त्यांनी डोळे मिटून घेतले. माझ्याजवळ मिटायला डोळेही नव्हते.

एकच घाव. माझा शेंडा, दोन पानांचा, मामांच्या हातात राहिला. "चीक डोयाले नको लागू देऊ, लई झोंबतो," म्हणत त्यांनी हात धुतले. थोडा वेळ घाव सुकू दिला आणि शेंडा बाटलीत, माठातल्या पाण्यात ठेवला. बुडाचं काळं झालेलं सगळं छाटून टाकलं. मधला बोटभर लांबीचा, घट्ट, हिरवा तुकडा वाळू मिसळलेल्या मातीत आडवा पुरला. डब्याला खिळ्यानं सहा भोकं पाडली. बाटली आणि डबा दोन्ही कूलरपासून दूर, माझ्या पहिल्या जागी ठेवले. जाताना बहिणीला एवढंच सांगितलं, "आता याले काई देऊ नको. नुसती पाह्य."

काही न देणं केसरबाईंना फार जड गेलं. सकाळी त्यांचा हात सवयीनं लोट्याकडे जायचा. लोटा घेऊन त्या माझ्यापर्यंत यायच्या. मी थिजून जायचो. मग त्या मातीत बोट घालायच्या, ओल लागायची, आणि लोटा खाली ठेवून त्या तिथंच जमिनीवर बसून राहायच्या. पत्र अजून आलेलं नव्हतं. बाटलीत एक घाबरलेलं झाड, समोर एक घाबरलेली आई. दोघांनाही वाट बघण्याखेरीज काही काम नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मामा पॅसेंजरनं दोंडाईचाला गेले. त्या सकाळी केसरबाईंनी बाटली उजेडात धरली. माझ्या देठाच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी फुटलं होतं. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. पदर तोंडाला लावला आणि बाटली जपून जागेवर ठेवली.

संध्याकाळी टांगा दाराशी थांबला. आधी मामा उतरले, मग त्यांच्या हाताचा आधार घेत प्रमिला. सातव्या महिन्याचं पोट, चेहरा ओढलेला, पण हसत होती. पत्रं का नव्हती ते दारातच कळलं. सासूबाई भल्या होत्या, पण त्यांनाही भीतीनं घेरलं होतं. वाकून लिहू नको, पोटाला त्रास होईल, पलंगावरून उठू नको, असं म्हणून त्यांनी पेनसुद्धा उचलून ठेवलं होतं. मामांनी समजावलं तेव्हा कुठं त्यांनी तिला धाडलं.

केसरबाईंनी लेकीला पलंगावर बसवलं, पाठीला उशी लावली. दुधाचा पेला आणला. तो संपायच्या आत पुरणपोळी आणि वाटीभर तूप आणलं. मग आमरस. "खा. पी. उठू नको. पाय वर घे. अजून घे थोडं." पेला पुन्हा भरला तेव्हा प्रमिलाचे डोळे पाण्यानं डबडबले. ती म्हणाली, "माय, दीड महिना मी हेच खातेय. मला भूक नाही. मला थोडं अंगणात चालू दे."

केसरबाई पेला घेऊन उभ्याच राहिल्या. त्यांनी बाटलीतल्या माझ्याकडे पाहिलं. मग पेला खाली ठेवला, तसाच, जसा लोटा ठेवायच्या. लेकीच्या कपाळाला हात लावला, गालाला लावला, आणि म्हणाल्या, "चल. मी येते सोबत."

दोघी अंगणात हळूहळू फिरत राहिल्या. मी खिडकीतून बघत होतो. दीड महिन्यात त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली नाही.

मित्रांनो, प्रमिलाला मुलगी झाली, श्रावणात. माझी तीन झाडं झाली. बाटलीतला शेंडा डब्यात रुजला आणि आडव्या तुकड्यालाही दोन कोंब फुटले. त्यांतला एक आता दोंडाईचाला आहे, दुसरा बेबाबाईंच्या ओसरीवर. म्हातारा झालो तरी भित्रा तो भित्राच आहे. दर चैत्रात कूलर माळ्यावरून निघाला की माझी पानं थरथरतात.

म्हणून तुम्हाला एकच विनवणी. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी पिवळं पडताना दिसलं आणि तुम्हाला भीती वाटली, तर लोटा उचलण्याआधी मातीत बोट घाला. ओल लागली तर लोटा खाली ठेवा, आणि थोडा वेळ आमच्याजवळ नुसते बसा.