समुद्राच्या बाजूला कोणी मारत नाही

सामना संपल्यावर आमची गोलकीपर सुगंधा घरी गेली ती दीपालीच्या अॅक्टिव्हावर मागं बसून. दीपाली म्हणजे पालघरच्या कॉलेजच्या टीममधली. आमच्यावर पेनल्टी मारून जिनं गोल केला ती.

मी एवढंच पाहिलं. मैदानाबाहेरच्या रिक्षांच्या गर्दीत गाडी दिसेनाशी झाली आणि मी, बोईसरच्या टीमची कॅप्टन, रिकामी बाटली हातात घेऊन उभी.

तोपर्यंत आम्ही फक्त हरलो होतो.

परत लाव.

व्हिडिओ आमचे कोच प्रदीप सर यांनी मोबाइलवर काढलेला. कँटीनमध्ये मी आणि ठकी डोक्याला डोकं लावून बसलो होतो. ठकी आमची डिफेंडर, विक्रमगडकडच्या पाड्यावरची. पेनल्टी मिळाली ती तिच्या पायामुळं.

"मी आदी बॉललाच लागले, वैभवी. बघ ना. बॉल हलला का नाय?"

"हलला. पण पोरगीपण हलली."

"ती पडायचं ठरवूनच आलेली."

"रेफरी पालघरचाच होता."

"मग झालंच की."

रेफरीवर संशय घेत आम्ही एक एक वडापाव संपवला. बरं वाटलं. जो माणूस पुन्हा भेटणार नाही त्याच्यावर संशय घ्यायला काहीच लागत नाही.

परत लाव.

आता पेनल्टीच. दीपाली बॉल ठेवते. वाकलेली असतानाच मान वर करून काहीतरी बोलते. मागच्या रस्त्यावर टँकरचा हॉर्न, त्यामुळं शब्द ऐकू येत नाहीत. सुगंधा हसते.

"थांबव."

स्क्रीनवर सुगंधाचे दात.

"हसली कशाला?"

"लाव ना पुढं."

दीपाली धावते. बॉल एका बाजूला जातो, सुगंधा दुसऱ्या बाजूला. पाय बॉलला लागायच्या आधीच ती पडायला लागलेली.

"आदीच ठरवलं तिनं," ठकी म्हणाली. "आन दोघी दांडी गावच्याच. घराला घर लागून."

"तुला कोणी सांगितलं?"

"सुगंधानंच. मागंच. तुला नाय सांगितलं?"

नाही. मला नाही सांगितलं. मी पॉवर प्लांटच्या कॉलनीतली. आमचं गाव साताऱ्याकडं. मला इथल्या पुष्कळ गोष्टी सगळ्यांच्या शेवटी कळतात, आणि कळल्या की त्या मुद्दाम लपवल्या होत्या असं वाटायला लागतं.

हरलो तो सामना साखळीतला होता. रविवारी फायनल. पालघरला. समोर तीच टीम, तीच दीपाली.

"गोलमध्ये कोण, ते तू ठरव," प्रदीप सर म्हणाले. "मी ठरवलं तर पोरी म्हणतील सरांनी राजकारण केलं."

"आणि मी ठरवलं तर?"

"तर तू केलंस म्हणतील."

सुगंधाला काढलं तर ठकीला उभं करायचं, दुसरं कोणी नव्हतंच. ठकीनं बॉल हातात धरला असेल तो फक्त बाहेरून आत फेकण्यापुरता.

ग्लोव्हज कॉलेजचे. धुवायचेत म्हणून मी सुगंधाकडून मागून घेतले. धुतले नाहीत. नुसते माझ्याकडं ठेवले.

ती हसली कारण

ती हसली कारण दीपालीनं

ती हसली कारण दोघींचं आधीच

यापुढं मी जात नव्हते. पण दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कोणीतरी हेच वाक्य 'ठरलं होतं'पर्यंत नेलेलं मी ऐकलं. बोलणारी आमच्याच टीममधली, आवाज ओळखीचा होता. मी मागं वळून पाहिलं नाही.

सुगंधाला लायब्ररीच्या जिन्यात गाठलं.

"पेनल्टीच्या आधी काय म्हणाली ती तुला?"

तिनं लगेच सांगितलं. लगेच सांगितलं म्हणून मला वाटलं, तयार ठेवलेलं आहे.

"म्हनाली, इथं बॉल आनायला पान्यात जावं नाय लागत."

"म्हणजे?"

"आमी ल्हानपनापासून किनाऱ्यावर खेळतो. एका अंगाला समुद्र, एका अंगाला गाव. समुद्राच्या बाजूला जो मारेल त्यानंच पान्यात जाऊन बॉल आनायचा. ओहोटी असली का बॉल आतच चालला. म्हनून तिकडं कोन मारत नाय. दीपाली तर नायच नाय. ती कायम गावाच्या बाजूला मारते."

"पण हे बोईसर आहे. इथं कुठला समुद्र?"

"पश्चिमेला," ती म्हणाली. हेही विचारायचं असतं का, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. "मी गोलमध्ये उभी व्हते ना, तवा डाव्या हाताला."

"आणि बॉल डावीकडंच गेला. तिनं तर तुला सरळ सांगितलंच होतं की!"

"सांगितलं म्हनूनच वाटलं फसवते. तोंडानं समुद्राकडं बोलनार आन पायानं गावाकडं मारनार. म्हनून हसले." ती थांबली. "तिनं खरंच समुद्राकडं मारला."

"आणि मग तू तिच्याच गाडीवर बसून गेलीस."

"मग काय चालत जाऊ? बस गेलेली."

सगळं बरोबर बसत होतं. कुठंच फट नव्हती. मला तेच आवडलं नाही.

शनिवारी दुपारी मी दांडीला गेले. कोणाला सांगितलं नाही. पिशवीत ग्लोव्हज होते. ते कशासाठी घेतले, द्यायला की परत आणायला, हे मलाही धड माहीत नव्हतं.

सुगंधाची आई, मंदा, ओट्यावर सुके बोंबील निवडत होती.

"कालनीतली ना तू? ये गो. हरलात म्हनून भांडायला आलीस का बोंबील न्यायला?"

"दोन्हीला, मावशी."

"मंग आदी भांडून घे. बोंबील काय पळत नाय. पोरी खाली खेळतात बघ."

ओहोटी लागली होती. माशांच्या दोन थर्माकोलच्या खोक्यांत ओली वाळू भरून गोल केलेला. एका बाजूला पाणी. दुसऱ्या बाजूला जाळ्यांचे ढीग, बॉल त्यांना लागून तिथंच थांबायचा. गोलमध्ये सुगंधा, उघड्या हातांनी.

मी लांब बसून पाहिलं. पोरी एकामागून एक मारत होत्या. जाळ्यांकडं. परत जाळ्यांकडं. समुद्राकडं एकही नाही. अगदी फ्रॉकमधली एक चिमुरडीसुद्धा बॉल आधी गावाकडं वळवून मगच मारत होती.

यांना सांगून ठेवलं असेल का? पण मी येणार हे कोणाला ठाऊक होतं? आईनं निरोप पाठवला असेल? मी आल्यापासून आई ओट्यावरून उठली नव्हती.

"मला मारू दे," मी म्हणाले.

सुगंधानं मान वर केली. पिशवी वाळूवर ठेवून मी बॉलमागं गेले.

मी समुद्राकडंच मारणार होते, आणि तेही लपवून नाही. तिरकी उभी राहिले. नजर पाण्यावर ठेवली. सावकाश धावले. कोणालाही कळावं असं.

"ए, ही पान्यात घालवते!" ती चिमुरडी ओरडलीसुद्धा.

सुगंधा गावाकडं पडली. अख्खी, तोंडावर.

बॉल खोक्याजवळून निघाला, ओल्या वाळूवरून घरंगळत पाण्यात गेला. पोरी आनंदानं किंचाळायला लागल्या.

सुगंधा उठली. वाळू थुंकली.

"पायलंस?"

"काय?"

"तुला बगायचं व्हतं ते. पाव्हनी म्हनून थोडीच आलीस तू."

त्याही क्षणी माझ्या डोक्यात आलंच, ही मला दाखवायला तर पडली नाही? पण तिच्या कोपराची साल निघाली होती, शिंपल्यांनी. रक्त आलं होतं. ती ते पुसतही नव्हती. संशय किती वेळ चालवायचा, हे आता माझ्यावर होतं.

"बॉल कोण आणणार?" उत्तर माहीत असून विचारलं.

"मारला कोनी?"

मी पाण्यात गेले. आधी चिखल, मग पाणी. लाट बॉल जरा जवळ आणायची आणि त्याहून जास्त लांब न्यायची. पाणी कमरेला आलं तेव्हा मी वळून पाहिलं. सुगंधा माझ्या पिशवीजवळ उभी होती. तिनं ग्लोव्हज बघितले असणार. उद्या येत नाही म्हणाली तर तिला काही म्हणायचा मला हक्क नव्हता.

बॉल छातीशी धरून, निथळत परत आले.

ग्लोव्हज तिच्या हातात घातलेले.

"धुतले नायस," ती म्हणाली.

"नाही."

"धुवायला नेते म्हनालीस."

"खोटं बोलले."

तिनं दोन्ही पंजे एकमेकांवर आपटले. सामन्याची सुकलेली माती उडाली. मग ती खोक्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली, गुडघ्यांत वाकली.

"मार परत. मारत ऱ्हा. उद्या दीपाली परत हेच करनार. हे अंग कायम गावाकडंच पडतं, ते मोडाय पायजे."

"कुठं मारू?"

"ते मला इचारनार असशील तर उद्या ठकीलाच उभी कर."

मी बॉल ओल्या वाळूत दाबून ठेवला. एका बाजूला जाळी, एका बाजूला पाणी. तिची नजर माझ्या पायावर. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि या वेळी तो नसायलाच हवा होता.

मी धावले.