एका चिमणीची जागा

कंडक्टरच्या बायकोला नवऱ्याच्या नादाचा राग होता, आणि तो रास्तच होता. माणसाने काही जमवावं, तर निदान चार लोकांनी बघून वा म्हणावं असं तरी जमवावं. हा गडी जमवायचा काय, तर चिमण्या! म्हणजे चलनातलं सगळ्यात हलकं नाणं. त्याच्यावर फांदीला बसलेली चिमणी होती, म्हणून सगळे त्याला चिमणीच म्हणायचे. ते हातावर टेकवलं की भिकारीसुद्धा तोंड वाकडं करायचा. नाणी जमवणाऱ्या बड्या लोकांच्या तर ते खिजगणतीतही नव्हतं.

कंडक्टरने मात्र सुताराकडून एका फळीला गोल भोकं पाडून घेतली होती, दर सालाला एक. नियम एकच, नाणं सुट्ट्या पैशांतून आपसूक हातात आलं पाहिजे. चामडी पिशवीत हवं ते साल दिसलं की स्वतःच्या खिशातली चिमणी पिशवीत टाकायची आणि ती उचलायची. विकत घ्यायचं नाव काढायचं नाही. असं करत फळी भरत आली, पण एका सालचं भोक नोकरी संपली तरी रिकामंच राहिलं. त्या साली टांकसाळीने चिमण्या कमीच पाडल्या होत्या.

“अहो, बाजारात मिळत असेल की. घेऊन टाका एकदाची,” बायको म्हणायची.

“घाई काय आहे? येईल आपली आपण. मी कुठे पळून चाललोय?”

आणि मग पोटाचं दुखणं निघालं.

डॉक्टरांनी मायलेकींना बाजूला घेऊन काय ते सांगितलं. बाहेर आल्याआल्या लेक म्हणाली, “आई, बाबांना यातलं एक अक्षर कळता कामा नये. खचतील ते.” तेव्हापासून घरात अल्सर नांदू लागला. अल्सरचं पथ्य, अल्सरच्या गोळ्या. उभ्या जन्मात जिला धड खोटं बोलता आलं नव्हतं ती बाई आता दिवसभर खोटं बोलायची, आणि रडायचं झालं की मोरीतला नळ सोडायची.

कंडक्टरला एकच करमणूक उरली होती. बायको औषधं घेऊन आली की सुटे पैसे त्याच्या चादरीवर ओतायची. तो एकेक नाणं खिडकीच्या उजेडात धरायचा, साल बघायचा, आणि “नाही” म्हणून उशीवर मान टाकायचा. बाकी काही तिच्या हातात नव्हतं. पण एवढं एक भोक तरी त्याच्या डोळ्यांदेखत भरावं, असं तिने मनावर घेतलं.

घड्याळं दुरुस्त करणारा एकजण जुनी नाणीही विकायचा. त्याने पत्र्याचा डबा उचकटला आणि ते साल काढून दिलं. औषधाच्या एका गोळीपेक्षा स्वस्त! एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाने जन्मभर वाट बघितली, या विचाराने तिला रस्त्यातच संताप आला.

नाणं कोरं करकरीत होतं. पण बाई काही दूधखुळी नव्हती. असं चकचकीत नाणं त्याला क्षणभरही पटलं नसतं. हॉटेलातली मोठाली पातेली घासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, तिला काय अवघड? भांड्यांची पावडर आणि काथ्या घेऊन ती मोरीत बसली आणि चिमणी पार निस्तेज, बोथट होईपर्यंत घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सुटे पैसे ओतले आणि गोळ्या लावण्याचं निमित्त करून पाठ वळवली.

“अगं! अगं, इकडे ये! आली बघ!”

तो हसत होता. किती दिवसांनी हसत होता! तीही हसली. मग त्याने नाणं उजेडाला तिरकं धरलं, अंगठा फिरवला, आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

“चिमणी झिजते कशी, माहीत आहे?” तो म्हणाला. “आधी तिची छाती जाते. तीच वर आलेली असते ना, बोटं तिलाच लागतात. पंखाखालची खाच शेवटपर्यंत राहते. हिची खाचही गेलीय. आणि हे बघ, गोल गोल ओरखडे. हा हात मी ओळखतो. आपल्या प्रत्येक पातेल्याच्या बुडाला हेच आहे.”

“मग काय झालं?” ती उसळली. “केवढंसं ते नाणं! तुमचं तोंड बघवत नव्हतं मला.”

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही, आणि तिचं अवसानच गळालं.

“इतकी वर्षं तू माझ्या चिमण्यांना नावं ठेवलीस, पण माझा नियम कधी मोडला नाहीस. आजच घाई कसली झाली?”

तिने तोंड उघडलं. अल्सर हा शब्द जिभेवर होता, पण बाहेर पडेना.

“फार दिवस नाहीत म्हणाले का डॉक्टर?”

तिने होकारार्थी मान हलवली. तोंडाने नाही, तर आपल्याच हाताने आपण सांगून बसलो, या विचाराने तिला रडू फुटलं. या वेळी तिने नळ सोडला नाही.

त्याने खिडकीबाहेर बघितलं. कोपऱ्यावर बस थांबली, सुटली.

“पोरीला ठाऊक आहे?”

“हो.”

“मला कळलंय हे तिला सांगू नकोस. खचेल ती.” मग म्हणाला, “फळी आण.”

“अहो, पण तुमचा नियम?”

“ज्याला वेळ आहे त्याने पाळावा. आण.”

तिने नाणं भोकात बसवलं. घासून घासून त्याची कडही झिजली होती, त्यामुळे फळी जरा कलली की ते चादरीवर पडायचं. दोनदा पडलं. तेव्हा त्याने फळी मांडीवर घेतली आणि नाण्यावर अंगठा दाबून धरला.

संध्याकाळी लेक आली. फळी बघून दारातूनच ओरडली, “बाबा, मिळाली? बघा, मी म्हणत नव्हते? आता पटकन बरे व्हा.”

“होणार तर,” कंडक्टर म्हणाला. “अल्सरच तर आहे.”

लेक नाणं बघायला वाकली. त्याने अंगठा उचलला नाही.