झुळूक साबणाचे गिऱ्हाईक

मित्रांनो, मी एक जुना प्रश्न आहे. ऑनलाइन सर्वेक्षणात इतर शहाण्या प्रश्नांच्या रांगेत मी साळसूदपणे उभा असतो: "तुम्ही झुळूक साबण किती वेळा वापरता?" गंमत अशी, की झुळूक नावाचा साबणच नाही!

सर्वेक्षण कंपनीतल्या एका ताईंनी मला घडवलं. न वाचताच धडाधड बटणं दाबून भेटकूपन मिळवणाऱ्यांनी त्यांना जेरीस आणलं होतं. मी कामाला लागलो आणि गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. कुणी म्हणे रोज वापरतो, एका पठ्ठ्याने तर "हल्ली पूर्वीसारखा फेस येत नाही" अशी तक्रार केली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पुढे नवे साहेब आले आणि मला फालतू ठरवून त्यांनी काढून टाकलं. मी फार हिरमुसलो.

मग शहरातला पोहण्याचा तलाव बुजवून तिथे वाहनतळ करावा का, असं महापालिकेचं सर्वेक्षण कंपनीकडे आलं. ताईंच्या सासूबाई साठी उलटल्यावर त्याच तलावात पोहायला शिकल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना धड चालवत नसे, पण पाण्यात उतरल्या की त्या खिदळत असत. ताईंनी हट्टाने मला पुन्हा आत घेतलं.

उत्तरं आली. बहुमत म्हणत होतं, तलाव बुजवा. ताईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी झुळूकवाले आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं भरून मोकळे झालेले, असे दोन्ही बाजूंचे लोक वगळले. पारडं फिरलं!

"मनासारखा निकाल लावताय की काय?" साहेबांनी विचारलं.

"तलाव राहू द्या म्हणणारेही वगळलेत, साहेब. बघा ना."

साहेबांनी स्वतः तपासलं. झुळूकच्या फेसाची तीच तक्रार इथेही आलेली वाचून ते खो खो हसले आणि निकालावर सही केली. तलाव वाचला.

त्या संध्याकाळी जेवताना ताईंचा दीर ऐटीत म्हणाला, "वहिनी, आईसाठी मीही मत ठोकलं बरं का! ते साबण-बिबण कोण वाचतंय? सगळीकडे 'रोज' दाबलं."

"म्हणजे तुमचं मत कचऱ्यात गेलं, भाऊजी."

सगळे हसून लोटपोट झाले. सासूबाईंनी मात्र लेकाचा कान धरला. "अरे, आईसाठी एवढंसं वाचता आलं नाही तुला?"

मित्रांनो, कुणी मत विचारलं तर आधी प्रश्न नीट वाचा. ठाऊक नसेल तर खुशाल "माहीत नाही" म्हणा, मला मुळीच राग येत नाही. पण उगाच ठोकून देऊ नका. पलीकडे एखादी आजी पोहण्याची पिशवी भरून, उत्तराची वाट बघत बसलेली असते.