न घेतलेल्या वस्तूनं केलेला बोभाटा

मोबाइलवर नवीन ॲप उघडलं की आधी दोन-तीन प्रश्न येतात. तुमचं ठिकाण बघू का, तुमच्या आवडीच्या वस्तू दाखवू का, तुमची माहिती इतरांना देऊ का. वाचकहो, आपल्यापैकी किती जण ते वाचतात? सिद्धोधनही वाचत नव्हता. मानवत गावच्या कचेरीतला हा कारकून कागदावर सही करताना शेवटची ओळ वाचून मगच पेन टेकवायचा. मोबाइलवर मात्र जिथं 'हो' दिसेल तिथं अंगठा दाबून मोकळा व्हायचा. खरेदीच्या साइटवरचं त्याचं खातं ताडकळसला धाकट्या भावाच्या घरीही चालायचं. भावजय माधवीच्या फोनमध्ये त्यानंच ते सुरू करून दिलं होतं. घर एकच, मग खाती वेगळी कशाला?

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या बायकोच्या, सुकेशनीच्या छातीत गाठ निघाली. सुकेशनी जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. नांदेडला ऑपरेशन झालं, एक स्तन काढावा लागला. गाठ वेळेत सापडली, आता काळजी नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यातून निघताना सुकेशनीनं नवऱ्याकडून एकच गोष्ट मागून घेतली.

"कुणाला सांगू नका. पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं म्हणा. माज्या मायला हेच दुखणं होतं. लोकांना कळलं आन् तवापासून सगळे तिच्याशी मेलेल्या माणसावानी बोलायला लागले. तिच्या हातचं पाणी पिईनात, कार्याला बोलवीनात. त्याच्यानंतर लय वर्षं जगली ती, पण माणसांत न्हाई जगली."

सिद्धोधननं शब्द दिला आणि पाळला. सख्ख्या आईला, सरजाबाईलाही त्यानं कळू दिलं नाही.

शाळा उघडायची वेळ जवळ आली तशी सुकेशनी आरशासमोर उभी राहून पदर कधी इकडून, कधी तिकडून घ्यायला लागली. कसाही घेतला तरी एक बाजू सपाट दिसायची. त्याला ते बघवेना. ऑपरेशन झालेल्या बायका ब्लाउजच्या आत सिलिकॉनचं पॅड वापरतात, असं नर्सनं सांगितलं होतं. दुकानात जाऊन मागायची लाज, म्हणून त्यानं खरेदीची साइट उघडली. बराच वेळ वेगवेगळी पॅडं उघडून बघितली, बायकांनी लिहिलेले अनुभव वाचले. माप कळेना, म्हणून काही न घेता फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर पेपर उघडला की बातम्यांच्या मधोमध त्याच पॅडांच्या जाहिराती यायला लागल्या. कचेरीत शेजारी बसणाऱ्या बन्सीधरनं एकदा डोकावून विचारलंसुद्धा, "हे काय हो?"

"येतंय काही बी," म्हणून त्यानं फोन पालथा घातला. मनात जरा चुकचुकलं. पण तेवढंच.

त्याच आठवड्यात ताडकळसला माधवी सासूसाठी पातळ बघायला बसली. ॲप उघडलं तर वरच लिहिलेलं, 'तुम्ही नुकतंच पाहिलेलं', आणि खाली तीच पॅडं. खातं भाऊजींचं, जाऊबाईंचं ऑपरेशन ताजं. माधवीला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. तिनं सासूला सांगितलं, तेही डोळे पुसतच. सरजाबाई मिळेल त्या गाडीनं मानवतकडं निघाली आणि वाटभर शेजारी बसलेल्या बाईपाशी रडत आली, "माज्या सुनंला कॅन्सर झाला, आन् मला सांगितलं न्हाई." त्याच गाडीत सुकेशनीच्या शाळेच्या गावातल्या दोघी बाया होत्या.

कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. तरी व्हायचं ते झालंच.

घरी माणसं यायला लागली. येताना केळी आणायची, आवाज खाली घेऊन बोलायची आणि पुढं केलेला चहा तसाच ठेवून उठायची. मग मुख्याध्यापकांचा फोन आला. मॅडम, काही पालक विचारतायत, पोरांना यातून काही होत तर नाही ना? तुम्ही हवी तर अजून रजा घ्या.

सुकेशनीनं फोन ठेवला. नवऱ्याकडं बघून शांतपणे विचारलं, "कुणाला सांगितलं तुमी?"

"कुणालाच न्हाई. शपथेवर सांगतो."

"मग हे कुणी सांगितलं?"

उत्तर दिलं सुकेशनीच्या भावानं. धम्मानंद परभणीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. त्यानं दाजींचा फोन हातात घेतला आणि सगळं पायरीपायरीनं उलगडून दाखवलं.

"पण मी घेतलंबी न्हाई रे," सिद्धोधन म्हणाला.

"घेतलं न्हाई, बघितलं. त्यांना तेवढं पुरतं, दाजी. काय बघितलं, किती वेळ थांबलात, परत कवा आलात, सगळं टिपलं जातं आन् जाहिरातवाल्यांपर्यंत जातं. माणूस दुखण्यात हाय का सुखात, हे त्यांना बघायचं न्हाई. त्यांना वस्तू खपवायची. आन् तशी परवानगी तुमीच देऊन ठेवली."

"आमी काय चोऱ्या करतो का, लपवून ठेवायला?"

"ताईनं कुठं चोरी केली होती?"

सिद्धोधनची मान खाली गेली. मायनं भोगलेलं लेकीच्या वाट्याला येऊ नये म्हणून दिलेला शब्द! तो त्यानं तोंडानं मोडला नव्हता, अंगठ्यानं मोडला होता.

त्यानं धम्मानंदला शेजारी बसवून पाहिलेल्या वस्तूंची सगळी नोंद पुसली. आवडीनुसार जाहिराती बंद केल्या. इतरांच्या फोनमधून आपलं खातं काढलं, माधवीला तिचं वेगळं काढून दिलं. नको त्या परवानग्या एकेक करून मागं घेतल्या. फार वेळही लागला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"बरं केलं," सुकेशनी म्हणाली. "पण लोकांच्या डोक्यातून कसं पुसणार?"

शाळा उघडली त्या दिवशी ती रजा न घेता गेली. पालकांना बोलावून तिनं उभ्यानं सांगितलं की हा आजार शिवून होत नाही, गाठ काढली आहे, मी बरी आहे. काहींनी माना डोलावल्या. तरीही दोघांनी त्याच आठवड्यात पोरांचे दाखले काढून नेले.

घरी येऊन तिनं चपला काढल्या आणि दाराशीच बसली. सिद्धोधननं पाणी आणून दिलं.

"धीर केलास," तो म्हणाला.

"धीर कशाचा? कवातरी मीच सांगितलं असतं. मला वाटलं तवा, मला वाटलं त्याला. आज सांगावं लागलं."

वाचकहो, सांगणं आणि सांगावं लागणं यांत हा एवढा फरक आहे. आपलं दुखणं, आपली अडचण, आपली लाज कुणापुढं मांडायची हे ठरवायचा हक्क आपला आहे, आणि 'हो' दाबताना आपण नेमका तोच देऊन बसतो. देण्याआधी एकदा वाचा. खातं आपल्यापुरतं ठेवा. कारण त्या फोनवर नुसता आपला बाजार नसतो, घरातल्या माणसाची अब्रूही असते, आणि ती गेली की परत घेण्याची सोय कुठल्याच ॲपमध्ये नाही.