पांढऱ्या कापडाखालची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी तिवई आहे. उंची दीड वीत, पाय तीन आणि बसायची जागा मधोमध खोलगट. तेमा बंदराजवळ मासे डबाबंद करण्याचा एक कारखाना आहे. तिथल्या बायकांच्या युनियनच्या खोलीत, एका कोपऱ्यात, मी आडवी पडून असते. माझ्यावर पांढरे कापड घातलेले आहे. दर रविवारी ते धुतले जाते. माझी फार काळजी घेतात हो सगळ्या, आणि तेच माझे दुःख आहे.

माझा जन्म स्वयंपाकघरासाठी झाला. अराबाच्या वडिलांनी एका ओंडक्यातून मला कोरले आणि लेकीला लग्नात दिले. माझ्यावर बसून तिने मासे साफ केले, केंकीसाठी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या गोळ्यांसाठी, पीठ मळले, चार मुलांना न्हाऊ घातले. उठताना ती मला न चुकता आडवी करी. रिकामी तिवई सरळ ठेवली की भटकता आत्मा येऊन बसतो, असे आमच्याकडे मानतात. मला आत्मा कधी भेटला नाही. विश्रांती मात्र मिळे.

कारखान्यात अराबाला बसायला काहीच नव्हते. वाफवलेल्या ट्यूनाची कातडी आणि काटे काढायला शंभर बायका लांब टेबलांपाशी दिवसभर उभ्या असत. म्हातारी असो की पोटुशी, उभीच. एके दिवशी मान्सा नावाची सात महिन्यांची गरोदर मुलगी टेबलापाशीच कोसळली. तिचे बाळ वाचले नाही. सुपरवायझर टेटेसाहेब एवढेच म्हणाले, "बसलं की हात मंदावतात."

मान्सा कामावर परतली त्या दिवशी अराबाने मला डोक्यावर घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेरच्या बदामाच्या झाडाखाली आणून ठेवले. ठेवले ते आडवेच.

"जिला बोलायचंय तिनं हिच्यावर बसायचं," ती म्हणाली. "बोलून झालं की आडवी करून उठायचं. पुढचीनं आपल्या हातानं सरळ करायची. मी कुणाला हाताला धरून बसवणार नाही, सांगून ठेवते."

चार दिवस कुणी जागची हलली नाही. "सगळ्यांच्या तोंडात केंकी आहे वाटतं!" अराबा चिडवायची. पाचव्या दिवशी मान्सा उठली. तिने मला सरळ केले, बसली आणि नुसती रडली. मग डोळे पुसून मला आडवी केली आणि गेली. तिच्यामागून एकुवा आली. ही बाई घरीदारी कुणापुढे तोंड उघडत नसे. "संध्याकाळी माझे पाय चपलेत मावत नाहीत गं," ती म्हणाली, आणि नंतर अर्धा तास थांबेचना.

"आता जीभ तोंडात मावेना की हिची!" मागून कुणीतरी म्हणाले. सगळ्या हसल्या. एकुवाही हसली.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. इतके हात लागले की माझे पाय गुळगुळीत झाले. डोळे मिटूनही कोण बसले आहे ते मला वजनावरून कळे. साहेबांशी बोलणी करायला बारा जणी गेल्या आणि प्रत्येकीने एकेक मुद्दा मांडला. कुणा एकीला बाजूला घेऊन गोड बोलावे, तर पुढारी नेमकी कोण हेच साहेबांना कळेना. बायकांनी काम थांबवले, दोन दिवस टेबलावर मासे तसेच पडून राहिले. तिसऱ्या दिवशी टेबलापाशी बाके आली. पुढच्या वर्षी मान्सा पुन्हा गरोदर राहिली, बाकावर बसून काम करत राहिली आणि तिला मुलगी झाली. नाव ठेवले न्हिरा. आमच्या बोलीत न्हिरा म्हणजे आशीर्वाद.

चूक त्यानंतर झाली, आणि ती प्रेमापोटी झाली.

"मावशी, तुम्हीच बसा. तुमच्यासारखं आम्हाला कुठं बोलता येतं?" बायका म्हणू लागल्या. अराबाने दोन-तीनदा नको म्हटले. मग ती थकली, आणि खरे सांगायचे तर तिला ते आवडूही लागले. खोटे कशाला बोलू, मलाही आवडले. आम्हाला खोली मिळाली. मला पॉलिश झाले. बायका यायच्या, ऐकायच्या, टाळ्या वाजवून घरी जायच्या. साहेबांशी काय ठरले ते अराबाच्या एकटीच्या डोक्यात आणि खोलीची किल्ली तिच्या एकटीच्या कमरेला. मला सरळ करायला दुसरा हात पुढे येईनासा झाला.

न्हिरा दहा वर्षांची असताना अराबा आजारी पडली आणि तीन महिन्यांत गेली. सुतकाची लाल-काळी वस्त्रे नेसून सगळा कारखाना रडला. बायकांनी मला धुतले, आडवी केली आणि वर पांढरे कापड घातले. "तिची जागा आता तिचीच," त्या म्हणाल्या. आमच्याकडे राजा वारला की त्याची तिवई अशी जपतात. पण मी तर मासे साफ करायची तिवई!

आठवड्याभरात टेटेसाहेबांनी विचारले, "आता तुमच्या वतीनं कोण बोलणार?" शंभर बायकांनी खाली पाहिले. महिन्याने एक बाक दुरुस्तीला म्हणून गेले. मग दुसरे गेले. "आज मावशी असत्या तर!" सगळ्या एकमेकींना म्हणाल्या. आज टेबलापाशी एकही बाक नाही. या खोलीतल्या खुर्च्याही गेल्या.

गेल्या मंगळवारी न्हिरा खोलीत आली. ती आता त्याच टेबलापाशी उभी असते. तिला आठवा महिना आहे. पाय सुजून चकचकीत झाले होते. तिने इकडेतिकडे पाहिले, माझ्यावरचे कापड उचलले आणि माझा एक पाय धरला. किती वर्षांनी हात लागला! ये पोरी, ये, मी मनात म्हटले.

"हात लावू नकोस!" दारातून मान्सा ओरडली. खोलीची किल्ली आता तिच्याकडे असते. "अराबामावशींची आहे ती. त्यांच्यामुळं तू जन्मलीस."

"चुकलं, आई," न्हिरा म्हणाली. तिने कापड नीट घातले, त्याच्या सुरकुत्याही काढल्या. मग भिंतीला धरत धरत माझ्याशेजारी सिमेंटच्या जमिनीवर बसली. मान्साने तिचे पाय मांडीवर घेतले आणि चोळत बसली. दोघींच्या हाताशीच मी होते. मला बोलता आले असते तर!

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. कधी या खोलीत आलात तर माझ्यापुढे डोके टेकू नका. ते कापड काढा आणि मला सरळ करा. तुमचे बोलून झाले की आडवी करा, म्हणजे पुढचीला तिच्या हाताने सरळ करता येईल. पण सगळ्यांच्या आधी न्हिराला बसू द्या. तिचे दिवस भरत आले आहेत.