टीव्हीतली हडळ

ही गोष्ट १९९४ सालची. जिते स्टेशनावरून खाडीकडे चालत गेलं की मिठागरांच्या कडेला एक वाडी लागते. त्या दुपारी सगळी वाडी शाळेच्या खोलीत दाटली होती. टेबलावर रंगीत टीव्ही चालू होता. समोर काशीबाईची जनी, चौथीतली, एकटी बसवलेली. नाथा भगताने तिच्या डोक्यावरून मोरपिसांचा कुंचला उतरवला, मग कुंचल्याची जाड मूठ पडद्यावरून फिरवली. बातम्या सांगणाऱ्या बाईचं तोंड वाकडंतिकडं ताणलं गेलं. एक गाल हिरवा झाला, दुसरा जांभळा. भगताने हात मागे घेतला तरी डाग गेला नाही.

काशीबाई मागे सरली.

"बघितलास काशे?" भगत म्हणाला. "दुसरी पोरा बसली तवा काय झाला नाय. तुजी बसली नि हडळ उठली. या डब्यातना निघाली, ती हिच्या पोटात शिरली. डाग दिल्याबिगर जायाची नाय."

अंगणात चुलीत विळा तापत पडला होता.

टीव्ही वाडीतल्या ताजुद्दीनभाईंनी मस्कतहून आणून शाळेला दिलेला. नम्रताबाई शाळेत नव्याने आलेल्या शिक्षिका. त्यांनी वर्गातल्या रांगा मोडून चौघाचौघांचे गट केले होते. मिठागरवाल्यांची आणि मुसलमानांची पोरं गुडघ्याला गुडघा लावून बसत. कार्यक्रम बघायचा, मग ज्याने स्वतः जे पाहिलं तेवढंच सांगायचं, आणि चौघांचं जुळवून उत्तर काढायचं. असंच एकदा टीव्हीवर बघून जनीच्या गटाने वाडीतल्या पुंडलिकाच्या तान्ह्याला जुलाबात मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. पोर सावरलं. तेव्हापासून बायका कोंबडी घेऊन भगताच्या दारी जाईनाशा झाल्या, आणि त्याने टीव्हीत हडळ असल्याची आवई उठवली. काशीबाईला हे सगळं ठाऊक होतं. पण माणूस भ्यायला की ठाऊक असलेलं आठवत नाही. ती आपल्याच पोरीपासून एक पाऊल मागे सरली होती, आणि जनीने ते पाहिलं होतं.

नम्रताबाई पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "आधी हिच्या गटाला बसू द्या. मग काय ते ठरवा."

"बसवा की," भगत हसला. "हडळीचा धडा घ्या."

जनी, हमझा, तस्नीम आणि साहिल, चौघं खाली बसली. हमझा म्हणाला, भगतकाकांच्या कुंचल्याची मूठ जिथे फिरली तिथेच डाग पडला. तस्नीमने सांगितलं की बाकीची पोरं बसली तेव्हा कुंचला लांबूनच फिरवला, जनीच्या वेळी मात्र मूठ काचेला टेकवली. मग जनी हळूच म्हणाली, "माज्या केसातला चाप ओढला त्या कुंचल्याने. मना वाटला, हडळच केस ओढतेय."

यावर साहिलची मान वर झाली. त्याच्या बापाचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. फुटक्या कर्ण्यातलं लोहचुंबक चाप असाच ओढतं, तो म्हणाला.

बाईंनी कपाटातून विज्ञानपेटी काढली, तिच्यातलं लोहचुंबक घेतलं आणि काशीबाईपुढे धरलं. काशीबाई हात मागे घेऊ लागली.

"आये, मी धरतंय तुजा हात," जनी म्हणाली.

मिठाने चिरलेली ती बोटं लोहचुंबक धरून पडद्याजवळ गेली आणि टीव्हीतल्या बाईचं नाक वाकलं, कपाळ हिरवं झालं. गर्दी मागे हटली. काशीबाईने हात डावीकडे नेला, रंग डावीकडे गेले. उजवीकडे नेला, उजवीकडे आले. तिने पुन्हा एकदा करून पाहिलं. मग ती भगताकडे वळली.

"म्हंजे माज्या पन पोटात हडळ हाय. दे मना डाग पयला."

भगताने कुंचला छातीशी धरला. तस्नीमने जनीचा चाप काढून कुंचल्याच्या मुठीजवळ नेला. तो टक्कन चिकटला. पुंडलिकाने कुंचला हिसकून घेतला आणि मूठ उसवली. चिंध्यांत गुंडाळलेला कर्ण्याच्या लोहचुंबकाचा तुकडा जमिनीवर पडला.

बाईंनी मग सगळ्यांना समजावलं. टीव्हीच्या काचेमागून विजेचे बारीक झोत येतात आणि चित्र रंगवतात. लोहचुंबक ते झोत वाकवतं, म्हणून रंग भलतीकडे पडतात. टीव्ही बंद करून थोड्या वेळाने लावला की डाग जातो. लोक ऐकत होते तेवढ्यात काशीबाई अंगणात गेली आणि तिने चुलीवर हंडाभर पाणी ओतलं.

नाथा भगत त्या साली रोह्याकडे निघून गेला. तिथेही त्याला भिणारी माणसं मिळाली. म्हातारपणी मोतीबिंदू झाला तेव्हा मात्र तो पनवेलच्या डॉक्टरांकडे गेला. ताजुद्दीनभाई मस्कतलाच वारले. हमझाही आखातातच आहे. तस्नीम नर्स झाली. साहिल धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जातो. नम्रताबाई गेल्या साली निवृत्त झाल्या. जनी पेणला गणपतींच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. काशीबाई आता नाही. पोरीपासून मागे सरलेलं ते पाऊल शेवटपर्यंत तिच्या मनातून गेलं नाही.

भीती कुणालाही वाटते, त्यात लाज नाही. पण घाबरलात तर आधी जवळ जाऊन बघा, चार जणांना विचारा, स्वतःच्या हाताने करून पाहा. तोवर आपलं पोर कुणाच्या हाती देऊ नका.